केकातला थेंबभर अल्कोहोल आणि बाटलीवर न छापलेली माहिती

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी रमजानचे शेवटचे दिवस आले की आमच्या जमातीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. व्हॅनिला एसेन्समध्ये दारू असते, बाहेरचा केक आणू नका, ईदच्या दिवशी पोरांच्या पोटात हराम घालू नका, आणि खाली बिस्किटं, आइस्क्रीम, कोल्ड्रिंक यांची ही लांबलचक यादी. कुणी लिहिलंय ते माहीत नाही, कुठल्या मुफ्तीसाहेबांना विचारलंय ते माहीत नाही, कशात किती टक्के अल्कोहोल सापडलं तेही कुठे नाही. मी घरी ऑर्डरचे केक करते, त्यामुळे हा मेसेज आला की माझा फोन वाजायला लागतो, "बाजी, तुमच्या केकात काय असतं हो?" विचारणाऱ्यांचा मला बिलकूल राग नाही, ज्याला आपल्या ताटातल्या हलाल-हरामची काळजी आहे तो विचारणारच आणि विचारायलाच पाहिजे. राग येतो तो त्या यादीचा, कारण दीनच्या, म्हणजे धर्माच्या, नावाने माणसाला घाबरवायचं आणि हुकूम ज्यावर ठरतो ती एकही गोष्ट सांगायची नाही हे मला अजिबात पटत नाही. म्हणून हे पत्र, जरा लांब झालं तर सांभाळून घ्या.

ज्यावर वादच नाही ते आधी सांगते. कुरआनातल्या सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत शराब आणि जुगार यांना सैतानी काम म्हटलंय आणि त्यापासून लांब राहायला सांगितलंय, इथे कुठल्याच मजहबात, म्हणजे इस्लामी कायद्याच्या परंपरेत, दोन मतं नाहीत. त्यामुळे रममध्ये मनुके भिजवून केलेला ख्रिसमसचा प्लम केक, वाइन घातलेलं सॉस, आत लिकर भरलेलं चॉकलेट, हे "थोडीशीच आहे" म्हणून चालत नाही. तिथे शराब शराब म्हणून, तिची चव यावी म्हणून घातलेली असते. "भट्टीत सगळं उडून जातं" असं बरेच जण सांगतात तेही खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा शिजवण्यावरचा तक्ता आहे, त्यात पदार्थात मिसळलेलं अल्कोहोल अर्धा तास शिजवल्यावर ३५ टक्के शिल्लक राहतं आणि तासाभराने २५ टक्के. म्हणजे उडतं, पण सगळं नाही.

प्रश्न आहे तो एसेन्सचा, फ्लेवरचा. हे अल्कोहोल येतं कुठून? व्हॅनिलाच्या शेंगा असतात, त्यांचा वास नुसत्या पाण्यात नीट उतरत नाही, अल्कोहोलमध्ये उतरतो, म्हणून शेंगा त्यात भिजत घालून अर्क काढतात, त्याला व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. अमेरिकेत तर नियमच आहे की एक्स्ट्रॅक्ट म्हणून विकायचं असेल तर त्यात कमीत कमी ३५ टक्के अल्कोहोल पाहिजे. हे ऐकून माणूस दचकतो, साहजिक आहे, कारण आपल्याला वाटतं ३५ टक्के म्हणजे दारूच की. संत्र्याचे, लिंबाचे, बदामाचे अर्क पण पुष्कळदा असेच काढतात, वास धरून ठेवायला काहीतरी द्रव लागतंच. पण आपल्याकडे किराणा दुकानात जी छोटी स्वस्त बाटली मिळते ती बहुतेक वेळा हे एक्स्ट्रॅक्ट नसतं. माझ्या ओट्यावर आत्ता जी आहे तिच्यावर बारीक अक्षरात छापलंय, पाणी, प्रॉपिलिन ग्लायकॉल म्हणजे आयएनएस १५२० (आयएनएस हा अन्नात घालायच्या पदार्थाचा ठरलेला नंबर), आणि कृत्रिम व्हॅनिला फ्लेवर. प्रॉपिलिन ग्लायकॉल म्हणजे दारूतलं अल्कोहोल नव्हे, फ्लेवर विरघळवायला वापरतात ते वेगळं द्रव आहे आणि त्याची शराब होत नाही. काही बाटल्यांत ग्लिसरीन असतं, आयएनएस ४२२, तिथे अल्कोहोलचा प्रश्न नाही पण दुसराच येतो, ते ग्लिसरीन पामतेलाचं की जनावराच्या चरबीचं. म्हणजे "अल्कोहोल फ्री" एवढं वाचून काम संपत नाही, आणि "व्हॅनिला म्हणजे दारू" हे तर साफच चुकीचं आहे.

आता समजा कुणी ते महागातलं, ३५ टक्क्यांचं एक्स्ट्रॅक्ट वापरलंच. किलोभर केकला एक चमचा, म्हणजे ५ मिली. त्यात अल्कोहोल पावणेदोन मिली. अख्ख्या केकात हजारात पावणेदोन भाग, टक्क्यांत सांगायचं तर ०.१७ च्या आसपास, आणि हे भट्टीत घालायच्या आधीचं. अर्धा तास भाजल्यावर वरच्या तक्त्याप्रमाणे एक तृतीयांश धरलं तर १०० ग्रॅमच्या तुकड्यात जेमतेम एक थेंब. कुणी सगळा केक एकट्याने बसून खाल्ला तरी पोट बिघडेल, नशा काही येणार नाही. आइस्क्रीमचं, वरच्या क्रीमचं वेगळं, ते भाजत नाहीत, त्यामुळे घातलेलं बहुतेक सगळं तसंच राहतं, पण प्रमाण तिथेही एवढंच. कोल्ड्रिंकबद्दल २०१२ साली फ्रान्समधल्या ग्राहकांच्या संस्थेने कोलाच्या बाटल्या तपासल्या तेव्हा काहींत लिटरमागे साधारण १० मिलीग्रॅम अल्कोहोल निघालं होतं, म्हणजे ०.००१ टक्के. त्या वेळी जगभर हलकल्लोळ झाला होता. तो आकडा बघा आणि मग पावाकडे बघा, यीस्टने पीठ फुगतं तेव्हा आत अल्कोहोल तयार होतंच आणि ते सगळंच्या सगळं भट्टीत जात नाही. जास्त पिकलेल्या केळ्यात, फळांच्या रसात, व्हिनेगरमध्येसुद्धा नावाला थोडंसं असतं, आणि व्हिनेगर म्हणजे सिरका तर आपल्या नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी उत्तम सालन, म्हणजे तोंडी लावणं, म्हटलंय, सहीह मुस्लिम या संग्रहात तशी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची नोंद, आहे.

पण नुसत्या हिशोबावर हलाल-हराम ठरत नाही हे मला कळतं. समोरचा लगेच ती हदीस सांगतो, जी गोष्ट जास्त घेतल्यावर नशा आणते ती थोडीही हराम. अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही हदीससंग्रहांत आहे, हिच्याकडे काणाडोळा करून कुणालाच पुढे जाता येणार नाही. पण ती लावायची कशाला, त्या चमचाभर अल्कोहोलला की समोर ठेवलेल्या केकला? सावध मत असं की अल्कोहोल जास्त प्यायलं तर नशा येते, मग त्याचा थेंबही नको, कशातही नको. दुसरं मत असं की हदीस त्या पेयाबद्दल आहे, ज्याचे दहा पेले नशा आणतात त्याचा एक घोटही हराम, पण जो पदार्थ कितीही खाल्ला तरी नशा येत नाही, ज्यात त्या थेंबाची ना चव उरली ना वास ना असर, त्याला ही हदीस लागू होत नाही. हे दुसरं मत कुठल्या ढिल्या माणसाचं नाही, सौदीचे शेख इब्न उसैमीन, ज्यांना कुणी सवलती वाटणारे म्हणणार नाही, त्यांनीच ही हदीस अशी समजावून सांगितली आहे.

माझं माहेर मिरजेकडचं, हनफी, आणि सासर रत्नागिरीचं, शाफई, हे दोन वेगळे मजहब, त्यामुळे दोन्ही बाजू मी घरातच ऐकल्यात. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी हे पुष्कळ मराठी वाचकांना माहीत नसतं, म्हणून सांगितलं. हनफींत इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ यांच्याकडे द्राक्ष-खजुराची शराब एका बाजूला आणि बाकी गोष्टींपासून निघालेलं अल्कोहोल दुसऱ्या बाजूला, या दोन्ही प्रकारांचे हुकूम सारखे नाहीत. त्यांचेच दुसरे शिष्य इमाम मुहम्मद यांचं मत कडक, नशा आणणारं काहीही असो, थोडं असो की जास्त, हरामच. पिण्याच्या बाबतीत फतवा इमाम मुहम्मद यांच्याच मतावर देतात, त्यामुळे "हनफींत बिअर चालते" असं जे कुणी मध्येच सोडून देतात ते खोटं आहे. पण औषधं, अत्तर, आणि आता हे रंग-वास, जिथे कुणी नशेसाठी घेत नाही आणि ज्याच्यापासून लांब राहणं सगळ्यांनाच अवघड झालंय, तिथे पाकिस्तानच्या मुफ्ती तकी उस्मानींसारखे आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, अबू हनीफा-अबू यूसुफ यांच्या मतावरून वाट देतात, अट एवढीच की ते अल्कोहोल द्राक्षाचं किंवा खजुराचं नको. आपल्या महाराष्ट्रात तर हे समजायला सोपं आहे, कारखान्यात साखर काढल्यावर जी मळी उरते तिच्यापासून डिस्टिलरीत अल्कोहोल बनतं हे कोल्हापूर-सांगली-नगरच्या शेतकऱ्याला सांगायला नको, देशात बहुतेक अल्कोहोल उसाचं नाहीतर धान्याचं. नाशिकच्या द्राक्षांची वाइन ही वेगळी गोष्ट आणि एसेन्समधलं मळीचं अल्कोहोल ही वेगळी.

शाफईंकडे प्रश्न जास्त अवघड आहे, कारण तिथे नशा आणणारं द्रव नुसतं हराम नाही तर नजिस, म्हणजे अपवित्र, पण आहे, आणि पातळ पदार्थात नजिस वस्तूचा थेंब पडला तर सगळंच गेलं. माझ्या सासूबाई एवढ्या का जपतात ते मला म्हणूनच कळतं, त्यांचं जपणं अडाणीपणा नाही, त्यामागे शिकवण आहे. पण ज्या देशांत शाफईच जास्त आहेत त्यांनी काय केलं तेही बघायला पाहिजे. मलेशियाच्या फतवा समितीने २०११ साली यावर खास बैठक घेतली आणि ठरवलं की प्रत्येक शराबेत अल्कोहोल असतं पण प्रत्येक अल्कोहोल शराब नसतं, शराब गाळताना निघालेलं अल्कोहोल हराम आणि नजिस, पण तसं न निघालेलं नजिस नाही, मात्र ते तसंच पिणं हरामच कारण ते विष आहे. मग फ्लेवर आणि रंग टिकवायला घातलेलं असं अल्कोहोल चालेल, पण तयार मालात ते ०.५ टक्क्यांच्या वर नको आणि नशा आणणारं नको. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने २०१८ च्या फतव्यात पेयांसाठी तीच ०.५ ची रेघ धरली. त्याच्या खूप आधी, १९९५ च्या मे महिन्यात, कुवेतमध्ये फकीह, म्हणजे शरीयतचे जाणकार, आणि डॉक्टर एकत्र बसले होते, तिथेही पाण्यात न विरघळणारे रंग, प्रिझर्व्हेटिव्ह विरघळवायला अगदी थोडं अल्कोहोल वापरलेले पदार्थ लोकांची अडचण बघून चालतील असं ठरलं. म्हणजे हा काही काल उठलेला वाद नाही, पन्नास प्रकारचे मेसेज फॉरवर्ड करण्याआधी यातलं एक पान तरी वाचायला हवं होतं.

आणि "प्रमाण-बिमाण हे सगळं आजचे लोक काढतात" असं म्हणणाऱ्यांना मी नबीज, म्हणजे खजूर भिजवलेलं पाणी, आठवून देते. नबीसाहेबांच्या पत्नी हजरत आयशा रजियल्लाहु अन्हा सांगतात की नबीसाहेबांसाठी खजूर सकाळी पाण्यात भिजत घालायच्या आणि ते संध्याकाळी प्यायचे, संध्याकाळी घातलेलं सकाळी. दुसऱ्या रिवायतीत, म्हणजे कथनात, तीन दिवसांपर्यंतची गोष्ट आहे, त्यानंतर ठेवत नसत. आपल्याकडे नीरा विकतात तसंच हे, पहाटे उतरवलेली नीरा बर्फात ठेवून सकाळी सकाळी प्यायची, ऊन चढलं की ती फसफसायला लागते आणि मग ती नीरा राहत नाही. गोड पाणी ठेवलं की त्यात कणभर काहीतरी बनायला सुरुवात होतेच, शरीयतने सीमा कुठे आखली तर ते नशा आणण्याजोगं व्हायच्या आत. एवढी बारीक नजर ठेवणाऱ्या दीनला आपण एका फॉरवर्डच्या दावणीला बांधतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र मी केक करणारी म्हणून स्वतःशी पक्की ठरवली आहे. काही आलिम म्हणतात, तयार मिळालेला पदार्थ खाणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने त्यात अल्कोहोल ओतणं वेगळं, खाणाऱ्याला सूट आहे पण मिसळणाऱ्याला नाही. मला हे पटतं. माझ्या हातात पर्याय असताना मी ते एक्स्ट्रॅक्ट कशाला घेऊ? म्हणून मी प्रॉपिलिन ग्लायकॉलवालं नाहीतर व्हॅनिलाची पावडर वापरते, आणि विचारणाऱ्याला बाटलीचा फोटो पाठवते. रम फ्लेवर, व्हिस्की फ्लेवर असलं काही माझ्या घरात येत नाही, त्यात अल्कोहोलचा अंश नसला तरी नाही, इंडोनेशियात तर असल्या चवीच्या मालाला हलालचा शिक्का पण देत नाहीत आणि बरोबरच करतात, ज्या चवीपासून पोरांना लांब ठेवायचं तीच त्यांच्या जिभेला का लावायची. पण शेजारणीने बाहेरून आणलेलं साधं व्हॅनिला आइस्क्रीम पुढे केलं तर मी "हराम" म्हणून वाटी बाजूला सारत नाही. आणि कुणाला तेही नको असेल, इहतियात म्हणजे खबरदारी म्हणून, तर त्याचा पूर्ण मान आहे, फक्त त्याने दुसऱ्याच्या ताटावर फतवा देऊ नये.

आता मुद्द्याचं. वर जेवढी मतं सांगितली, कडक असो की सवलतीचं, सगळ्यांना दोन-तीनच गोष्टी कळायला हव्यात: अल्कोहोल आहे का, कशापासूनचं आहे, आणि किती आहे. आणि नेमकं हेच आपल्याला कळत नाही! बिस्किटाच्या पुड्यावर "ॲडेड फ्लेवर" एवढं असतं, फार तर नॅचरल की आर्टिफिशियल, त्या फ्लेवरमध्ये वास कशात विरघळवलाय ते नसतं. शाकाहारी माणसासाठी हिरवा ठिपका आहे, मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण, चांगलंच आहे. अल्कोहोलच्या थेंबाला काहीच खूण नाही. आपल्या कायद्यात ०.५ टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं पेय हे अल्कोहोलिक पेय धरतात, म्हणजे रेघ साधारण तीच, पण त्या रेषेच्या खालचं काय आणि किती ते गिऱ्हाइकाला सांगायला कुणी बांधील नाही.

हे फक्त मुसलमानांचं दुखणं आहे असं कृपा करून कुणी समजू नका. दारू सुटावी म्हणून ज्यांना डायसल्फिरमच्या गोळ्या चालू असतात त्यांना डॉक्टर बजावतात की कफ सिरपमधलं, सॉसमधलं, फ्लेवरमधलं थोडंसं अल्कोहोलही टाळा, नाहीतर चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात. त्या माणसाच्या बायकोने दुकानात उभं राहून पुड्यावर काय वाचायचं? माळकरी घरं आहेत, ज्यांना दारूचा स्पर्शही नको असतो. त्यांनाही माहिती मिळायला हवी की.

आणि एक. हलालच्या शिक्क्यावरून किती राजकारण झालं ते सगळ्यांनी बघितलंय, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात हलाल सर्टिफिकेटच्या मालावर बंदी आली, आपल्याकडेही त्यावरून भाषणं झाली. मला त्यात पडायचं नाही. पण माझ्यासारख्या घरून विकणारीला ते सर्टिफिकेट परवडत पण नाही, आणि अल्कोहोलच्या या एका बाबतीत त्याची गरजच पडणार नाही, जर एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एवढा एकच नियम केला की फ्लेवर ज्यात विरघळवलाय त्याचं नाव छापा, अल्कोहोल असेल तर ते कशापासूनचं आणि किती टक्के. एका ओळीची शाई लागेल. मग ज्याला शाफई हिशोबाने बघायचंय तो तसा बघेल, हनफी तसा बघेल, डायसल्फिरमवाला तसा, आणि ज्याला काहीच फरक पडत नाही तो न वाचता खाईल.

आमच्या रत्नागिरी-रायगडच्या उलेमांनाही माझी हात जोडून विनंती आहे की हा प्रश्न जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, बयानात एकदा नीट घ्यावा, शाफई-हनफी दोन्ही बाजू सांगून, आणि घ्यायच्या आधी अन्नतंत्रज्ञान शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाला बोलावून बाटल्या समोर ठेवून विचारावं. आमच्या मौलानासाहेबांशी मी माझ्या मिस्टरांमार्फत बोलले, ते तयार आहेत, त्यांचं म्हणणं एवढंच की कंपन्या आत काय घालतात ते सांगणारं कुणीतरी हवं.

आपल्या पेपरचे वाचक सगळीकडे आहेत. त्यांच्यात कुणी फ्लेवर बनवणाऱ्या कारखान्यात केमिस्ट असतील किंवा अन्न व औषध प्रशासनात काम केलेले असतील, तर त्यांनी याच सदरात लिहावं की बिस्किट, आइस्क्रीम आणि सरबतासाठी जाणाऱ्या फ्लेवरमध्ये साधारण कुठलं द्रव वापरतात आणि तयार मालात त्यातलं किती उतरतं. कंपनीचं नाव नको, नुसतं काम कसं चालतं ते सांगितलं तरी पुष्कळ आहे.

आपली,
घरून केक करणारी एक वाचक,
रत्नागिरी